नागपुरातले सायकलचे चाक: ट्यूबपासून ट्यूबलेसपर्यंत

सायकलच्या चाकातली ट्यूब काढून टाकायची, रिम आतून पट्टीने हवाबंद करायची, टायरमध्ये रबराचा चीक ओतायचा आणि हवा थेट टायरमध्येच भरायची, हा घरच्या घरी करता येणारा बदल नागपूरच्या हौशी सायकलस्वारांच्या हाती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आला. जगात मोटारीच्या चाकातून ट्यूब जाऊ लागली त्याला तोवर साठ वर्षे होत आली होती. सायकलला एवढा उशीर का लागला याची कारणे निम्मी चाकाच्या बांधणीत आहेत आणि निम्मी पंक्चर काढण्याच्या धंद्यात. पहिल्या निम्म्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, दुसऱ्याबद्दल फारसे नाही.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने १८४५ साली घेतले. घोडागाडीसाठी केलेल्या त्याच्या चाकात रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे कवच होते. ते बाजारात टिकले नाही आणि लोक विसरूनही गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉयड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधून काढली. डनलॉपचा सुरुवातीचा टायर रिमला कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सगळे उसवा आणि पुन्हा चिकटवा, असा मामला होता. १८९० साली चार्ल्स वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांत तार घातली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवून जिंकून दाखवला. आता रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवणे, ट्यूब बाहेर ओढणे आणि तिला ठिगळ लावणे शक्य झाले. पंक्चर काढण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला तो या तारेच्या कडेमुळे.

अमेरिकेत मात्र काही काळ निराळी वाट चालली. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आत वेगळी ट्यूब नसलेला, एकसंध नळीसारखा टायर रिमला चिकटवून वापरत. त्याला भोक पडले की रबराची गुडदी ठोकत किंवा आत घट्ट द्रव सोडत. ट्यूबविना टायर आणि भोक बुजवणारा द्रव, दोन्ही सायकलला तेव्हापासून माहीत आहेत. पण भारतात माल आला तो ब्रिटनमधून, आणि मालाबरोबर रिम, टायर, व्हॉल्व्ह आणि दुरुस्तीची पद्धतही ब्रिटिशच आली.

नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आणि नंतर मध्य प्रदेशच्या राजधानीचे. गिरणीतल्या पाळ्या, सचिवालयातली कारकुनी, कॉलेजे, कामठीची छावणी आणि सीताबर्डी व सेमिनरी हिल्स सोडल्यास बहुतेक सपाट रस्ते, असे हे शहर सायकलला अगदी सोयीचे. पहिल्या सायकली साहेबाच्या, मग वकील-डॉक्टरांच्या. कामगार आणि विद्यार्थ्यांच्या हाती ती खऱ्या अर्थाने आली स्वातंत्र्यानंतर, देशी कारखाने उभे राहिल्यावर: आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरची टी. आय. सायकल्स, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो. टायर-ट्यूबसाठी डनलॉपचा हुगळीकाठच्या साहागंजचा कारखाना १९३६ पासून होताच.

या सगळ्या सायकल कंपन्यांनी वर्षानुवर्षे बनवली ती एकाच ठेवणीची काळी, उंच सायकल. तिच्या चाकाचे माप २८ बाय दीड इंच. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०. रिम एकाच पत्र्याची, लोखंडी, निकेल किंवा क्रोमचा मुलामा दिलेली. तिच्या आतल्या बाजूने स्पोकची निपले वर आलेली दिसतात. ती ट्यूबला टोचू नयेत म्हणून मधोमध एक पट्टी घालतात. ती विकतची नसली तर मिस्त्री जुनी ट्यूब लांबट कापून तिचीच पट्टी करतो. म्हणजे दोन चाकांत मिळून स्पोकची ७२ भोके, शिवाय दोन व्हॉल्व्हची. चाक हवाबंद करायचे म्हटले की ही ७४ भोके आडवी येतात. ट्यूबने हा प्रश्न कधी पडूच दिला नाही, कारण हवा धरायची जबाबदारी रिमवर नव्हतीच.

नागपूरच्या चाकाचे दोन शत्रू होते, काटा आणि ऊन. काट्यांत बाभळीचा लांब आणि बोरीचा आकडेबाज, पण सायकलीचा खरा वैरी सराटा. जमिनीलगत पसरणारी ही वेल पावसाळ्यात पिवळी फुले धरते, पावसाळा सरला की वाळते आणि तिच्या फळाचे पाच तुकडे होऊन रस्त्याच्या कडेला विखुरतात. प्रत्येक तुकड्याला असे काटे असतात की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहते. सायकल रस्त्याच्या मधून चालवली तर ट्रकची भीती आणि कडेने चालवली तर सराटा. वर्धा, उमरेड, काटोल रोडला नित्य जाणाऱ्याला ही निवड रोजची. सराट्याचे भोक सुईएवढे बारीक. हवा फुसकन जात नाही, तासाभरात हळूहळू उतरते, आणि कचेरीतून निघताना चाक बसलेले आढळते. ही बारीक भोके पुढे ट्यूबलेसच्या बाजूने फार मोठा युक्तिवाद ठरायची होती.

उन्हाचे काम वेगळे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या सायकलीच्या ट्यूबमधली हवा फुगते, जुने ठिगळ सुटते, टायर शिळा असेल तर धडाम्‌ आवाज होतो. म्हणून उन्हाळ्यात चाकात हवा थोडी कमी ठेवण्याची रीत पडली. व्हॉल्व्हचाही उन्हाळ्यात निकाल लागे. काळ्या सायकलच्या ट्यूबला असतो तो डनलॉप किंवा वुड्स जातीचा व्हॉल्व्ह: पितळी नळीच्या आत एक बारीक दांडा, त्यावर इंचभर रबरी नळी चढवलेली. पंपाची हवा दांड्याच्या बाजूच्या भोकातून रबर फुगवून आत शिरते. आतली हवा त्याच रबराला दाबून बाहेरची वाट बंद करते. यंत्र म्हणून हे इतके साधे आहे की त्याहून स्वस्त काही सुचणे अवघड. मात्र ती नळी उन्हाने कडक होते, चिरते, आणि चाक पंक्चर नसतानाही बसते. नळीच्या वेटोळ्यातून बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडायचा, थुंकीने ओला करायचा आणि दांड्यावर चढवायचा, हे मिस्त्री बोलता बोलता करतो.

पंक्चरचे दुकान म्हणजे पुष्कळदा कडुलिंबाखालची एक पेटी, पाण्याचे घमेले, उभा पंप आणि दोरीला लटकवलेले जुने टायर. त्यातली मोठी सायकल मार्ट तासावर भाड्याने सायकलीही देत. कित्येक नागपूरकर हाफ पॅडल मारायला शिकले ते त्या भाड्याच्या सायकलींवर. मागच्या चाकाचे पंक्चर काढताना मुरलेला मिस्त्री चाक उतरवतच नाही. सायकल उलटी करून तो दोन पट्ट्यांनी टायरची एकच कड रिमबाहेर काढतो, ट्यूब हाताहाताने ओढून घेतो, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यातून थोडी थोडी फिरवतो. बुडबुड्यांची ओळ दिसली की जागा पुसून खूण करतो आणि कानशीने ती खरखरीत करतो. मग सोल्युशनचा पातळ हात. ते सुकेपर्यंत थांबणे हे या कामातले खरे कसब: ओल्यावर ठिगळ लावले तर ते दुपारच्या उन्हात सरकणारच. तेवढ्या वेळात तो टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधतो. काटा आतच राहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे, आणि काही दुकानांबद्दल काटा मुद्दाम ठेवतात असा प्रवादही पेठेत असे. ठिगळ जुन्याच ट्यूबचे. हातोडीने ठोकून पक्के करायचे, पुन्हा पाण्यात पाहायचे, आणि शेवटी हवा किती झाली ते अंगठ्याने दाबून ठरवायचे.

हे सारे पाव तासात, चहाच्या पैशांत आणि जवळपास प्रत्येक चौकात. ट्यूब टिकली ती यामुळे. चाकात बिघाड वारंवार होतो हे खरे, पण तो सुधारणारा माणूस पन्नास पावलांवर बसलेला असेल तर बिघाड टाळणाऱ्या महाग चाकाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

रबर दुर्मीळ झाले तेव्हा हा धंदा आणखी खोल रुजला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मलायाचे रबर दोस्तराष्ट्रांच्या हातून गेले. मलायात उतरलेल्या जपानी सैन्याच्या सायकलींचे टायर फाटले तेव्हा ते नुसत्या लोखंडी रिमवर पुढे गेले, आणि तो खडखडाट ऐकून रणगाडे येत असल्याचा समज झाला, असे त्या मोहिमेच्या हकिगतींत येते. इकडे टायर नियंत्रणाखाली आले. टायर फेकणे परवडेनासे झाले की त्याला आतून गेटर बसते: जुन्या टायरचा वितभर तुकडा, कडा घासून पातळ केलेला, चिरेच्या आतल्या बाजूला घातलेला. गेटर मारलेला टायर चालताना दर फेऱ्याला एक हिसका देतो, पण महिने काढतो.

गेटरची खरी कसोटी सायकलरिक्षेवर लागली. मुंबई-पुण्यात सायकलरिक्षा रुजली नाही. नागपुरात ती स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके स्टेशन, इतवारी, महाल, सीताबर्डी या भागांचे मुख्य वाहन होती. तीन चाके, दोन-तीन माणसे, वर सामान, आणि टायर बहुधा साध्या सायकलीच्याच जातीचा. रिक्षा मालकाकडून रोजाच्या भाड्याने घेतलेली असे, त्यामुळे पंक्चरमध्ये गेलेला अर्धा तास चालवणाऱ्याच्या कमाईतून जाई. एकाच ट्यूबला दहा-बारा ठिगळे हे रिक्षेच्या चाकात नवल नव्हते.

१९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली आणि नागपूरच्या सपाट रस्त्यांवर कारकून, शिक्षक, पेपरवाला हळूहळू सायकलवरून उतरला. मागून स्कूटरी, मग मोटारसायकली. पंक्चरच्या पेटीने चाक बदलले, मालक तोच राहिला. १९५० च्या दशकात अमेरिकन मोटारींनी ट्यूबलेस टायर स्वीकारले होते. भारतीय दुचाकीवर ते सर्रास दिसू लागले २००० नंतर, अ‍ॅलॉयच्या ओतीव चाकांबरोबर. ओतीव चाकाला स्पोकची भोके नसतात, हे त्यामागचे साधे कारण. स्पोकच्या मोटारसायकली बहुतांशी ट्यूबवरच राहिल्या. मिस्त्रीच्या पेटीत आता दाभण आणि रबराची चिकट वात आली. चाक न उघडता काटा उपटायचा, भोकात दाभण फिरवायचे, वात खुपसायची आणि वरचे टोक कापायचे. घमेले मागे पडले, त्याच्या जागी साबणाच्या पाण्याची बाटली आली.

सायकलचा ट्यूबलेसचा मार्ग डोंगरातल्या सायकलीतून गेला. खडकावर हवा कमी असलेला टायर चांगली पकड घेतो, पण ट्यूब असेल तर ती खडक आणि रिम यांच्यात चेंगरून दोन भोके पडतात. ट्यूबच नसेल तर चेंगरणार काय? १९९९ मध्ये फ्रान्सच्या माविकने हचिन्सन आणि मिशलँ यांच्यासह रिम व टायरची एक जुळणारी हवाबंद पद्धत बाजारात आणली. ती जड होती आणि महागही. २००१ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक याने रबरी पट्टी आणि चीक विकायला काढले, आणि साधी रिमही ट्यूबलेस करता येते हे लोकांना दिसले. २००६ मध्ये हचिन्सन व शिमानो यांनी रस्त्याच्या सायकलीसाठीही तसाच टायर आणला.

नागपुरात या गोष्टींना गिऱ्हाईक तयार झाले ते लांब पल्ल्याच्या सायकलिंगमुळे. भारतात २०१० नंतर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या, रुजल्या: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत, आणि वाटेतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे पाच हजार किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पहिल्याच प्रयत्नात एकट्याने पूर्ण केली. पुढच्या वर्षी ट्रान्स-सैबेरियन एक्स्ट्रीम ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही. २०२० च्या टाळेबंदीत सायकलविक्री वाढली, आणि केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होते. रात्री दोन वाजता देवलापारच्या पुढे, पेंचच्या जंगलात चाक बसले तर तिथे ना कडुलिंब, ना पेटी. चौकातला मिस्त्री जिथे संपतो तिथून पुढे ट्यूबलेसचा विचार सुरू झाला.

घरी बदल करायचा तर चाक दुहेरी भिंतीच्या अ‍ॅल्युमिनियम रिमचे हवे; २६, २७.५, २९ इंची किंवा ७०० सी मापाच्या गिअरच्या सायकलींना अशी रिम बहुधा असते. टायर, ट्यूब आणि जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटने पुसतात. तेलाचा हात राहिला तर पुढचे सगळे वाया. मग आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद, न ताणणारी प्लास्टिकची चिकटपट्टी व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरून सुरू करून ताण देत गुंडाळतात, आणि अंगठ्याने प्रत्येक स्पोकच्या भोकावर दाबत जातात. पट्टीखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चीक तिथून रिमच्या पोकळीत शिरतो. व्हॉल्व्हच्या जागी पट्टीला तापवलेल्या सुईने लहान भोक पाडून बुडाला रबर असलेला वेगळा व्हॉल्व्ह कसतात. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला साडेसहा मिलिमीटरचे भोक लागते; रिमला साडेआठचे असेल तर मध्ये रबरी वायसर घालावा लागतो.

टायर हातानेच चढवतात, टायर काढायच्या पट्टीचा जोर लावला तर चिकटपट्टी फाटते. कडांना साबणाचे पाणी लावून हवा एकदम जोरात सोडली की कड रिमच्या खाचेतून वर सरकून 'टप्‌, टप्‌' आवाज करत जागी बसते. हा आवाज आला नाही तर काम झालेले नाही. हातपंपाने हे क्वचितच जमते. अडॅप्टर घेऊन पेट्रोल पंपावर किंवा त्याच जुन्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जाणे सोपे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत हवा कोंडून झटक्यात सोडण्याचा जुगाडही चालतो, पण बाटली फुटली तर डोळ्यावर येते; तो न केलेला बरा. कड बसल्यावर व्हॉल्व्हचा आतला भाग काढून रस्त्याच्या टायरला ४० ते ६० मिलिलिटर, डोंगरी टायरला ६० ते १०० मिलिलिटर चीक सोडतात, पुन्हा हवा भरतात, चाक फिरवतात आणि आलटून पालटून दोन्ही कुशींवर आडवे ठेवतात. बारीक गळती फेसासारखी दिसते आणि थांबते. एरवी ट्यूबसाठीचा टायर वापरला तर त्याच्या बाजूंतून चीक दिवसेंदिवस पाझरतो आणि कडेची तार जास्त हवेला सैल पडून टायर रिमवरून उडूही शकतो, म्हणून 'ट्यूबलेस-रेडी' टायरच घ्यावा.

पट्टी मिळत नसे तेव्हाची एक पद्धत मिस्त्रीच्या हातची वाटावी अशी आहे. मुलांच्या २० इंची सायकलची ट्यूब मोठ्या रिमवर ताणून बसवायची, बाहेरच्या बाजूने गोलाकार चिरायची आणि दोन्ही पाख्या रिमवर पसरायच्या. त्यावर टायर, चीक, हवा. बाहेर आलेले रबर पात्याने कापून टाकायचे. पट्टी, हवाबंद थर आणि व्हॉल्व्ह तिन्ही एकाच जुन्या ट्यूबमधून निघतात.

चीक म्हणजे मुख्यतः नैसर्गिक रबराचे दूध, गोठू नये म्हणून अमोनिया घातलेले, आणि भोकात अडकतील असे बारीक कण. भोकातून बाहेर पडताना हवा लागली की ते गोठते. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे भोक ते भरवशाने बुजवते आणि सराट्याचे भोक तर त्याहून कितीतरी लहान. सराट्याच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला भोक पडल्याचे कळतही नाही. घरी आल्यावर टायरवर पांढरे ठिपके दिसतात तेवढेच. काचेने टायर दोन बोटे चिरला तर मात्र चीक कामाचा नाही, तिथे मोटारसायकलवाली वात किंवा आतून गेटर, नाहीतर पिशवीतली ट्यूब. ट्यूबलेस करूनही एक ट्यूब बरोबर ठेवतात ती याचसाठी.

ऊन मात्र इथेही सुटत नाही. चीक आतल्या आत वाळतो आणि टायरमध्ये त्याची पापुद्र्यासारखी साय जमते. तो दोन ते सात महिने टिकतो असे कंपन्या सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी खालचाच आकडा धरावा, आणि चाक हलवून आतले पाणी वाजत नसेल तर नवा चीक घालावा. ट्यूब गेली म्हणून तापलेल्या टायरचा धोका गेला असेही नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्यावर, जिथे सायकलला प्रवेशच नाही, मोटारींचे टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे गाडी महामार्गावर घेण्याआधी टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली होती.

जुन्या काळ्या सायकलला हा बदल सहसा मानवत नाही. २८ बाय दीडच्या लोखंडी रिमला कड घट्ट धरणारी खाच नाही, एकाच पत्र्यात बत्तीस किंवा चाळीस निपले वर आलेली असल्याने चिकटपट्टी सपाट बसत नाही, आणि बाजारात मिळणारा त्या मापाचा टायर ट्यूबसाठीच बनवलेला असतो. म्हणून दूधवाले आणि ठेलेवाले ट्यूब तशीच ठेवून तिच्यातच चीक ओतण्याचा पर्याय घेऊ शकतात. वुड्स व्हॉल्व्हचा दांडा पूर्ण बाहेर येत असल्याने ओतायला वाट रुंद मिळते. अडचण एवढीच की चीक त्या रबरी नळीला चिकटून तिचे तोंड बंद करतो, आणि हवा भरायच्या वेळी नळीचा नवा तुकडा चढवावा लागतो.